निमगस कुळाचा मूळ पुरुष

जगात निमगस आडनावाची माणसं एक्केचाळीस आहेत आणि त्यातली दोन माझ्या लहानपणापासून एकमेकांशी धड बोलत नाहीत. एक माझे बाबा, ऑल्विन निमगस. दुसरी त्यांची थोरली बहीण, माझी डॉर्कस आत्या.

एक्केचाळीस हा आकडा बाबांचा आहे, तेव्हा त्यात चूक नसणार. स्केल्बीच्या पंपघरावर त्यांनी अडतीस वर्षं काढली. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरची आमची जमीन समुद्राच्या पातळीखाली, पाणी उपसत राहिलं नाही तर बीट, बटाटे आणि आम्ही सगळेच बुडू. पण पंप चालू केला की तो बंद करायची वेळ होईपर्यंत माणसाला काही काम नसतं. त्या रिकाम्या वेळात बाबांनी आडनाव मोजलं. जुन्या शिरगणत्या, चर्चच्या नोंदवह्या, फोनच्या डिरेक्टऱ्या, थडग्यांवरचे दगड, काही सोडलं नाही. माझ्या पणजोबांच्या काळात आम्ही दोनशे बारा होतो. मग गळती लागली. मुली लग्न करून दुसऱ्या नावांत गेल्या. सात जण पहिल्या महायुद्धात गेले. आणि एक अख्खी शाखा 'निकल्स' झाली, कारण शाळेत हजेरी घेताना मास्तर हसायचे. त्या शाखेबद्दल बाबा बोलत नाहीत. बोललेच तर "ते पळपुटे" एवढंच.

उरले ते असे: स्केल्बीपासून सायकलवर जाता येईल एवढ्या टापूत सव्वीस, हल शहरात चार, कॅनडात नऊ आणि टास्मानियात दोन. टास्मानियातले दोघे भाऊ आहेत आणि पत्राला उत्तर देत नाहीत. बाबा दर नाताळला त्यांना कार्ड पाठवतात. कार्ड परत येत नाही, म्हणजे ते जिवंत आहेत असं धरून चालतात.

आणि या सगळ्यांच्या मुळाशी होते सर रेनॉल्ड.

फार वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या जत्रेत एक माणूस जाड कागदावर लोकांच्या घराण्याचा इतिहास छापून देत होता. बाबांना त्याच्याकडे सर रेनॉल्ड द निमग मिळाले. नॉर्मन राजाबरोबर समुद्र ओलांडून आलेले, दलदलीत रुतलेला राजाचा घोडा एकट्यानं ओढून काढणारे, बक्षीस म्हणून स्केल्बीची जमीन मिळालेले. ढालीवर निळ्या रंगात पांढरा राजहंस. तो कागद तीस वर्षं आमच्या जेवणाच्या टेबलासमोर टांगलेला होता. मी पालक खाल्ला नाही तर बाबा म्हणायचे, "सर रेनॉल्ड असे वागले असते का?"

आत्याला हे मान्य नव्हतं. ती गावाबाहेर गूस पाळते. गूस म्हणजे बदकाचा थोराड, तापट भाऊ, आणि आत्याचंही साधारण तसंच आहे. तिच्या जन्मदाखल्यावर निमगसमध्ये 'आय'च्या जागी 'वाय' आहे. बाबा म्हणतात, त्या दिवशी कारकून प्यायलेला होता. आत्या म्हणते, माझ्या वेळचा शुद्धीवर होता, तुझ्या वेळचा प्यायला होता. एवढ्यावरून बिनसलेलं पुढे सर रेनॉल्डपर्यंत गेलं.

"राजानं जमीन दिली म्हणतोस," ती एकदा सगळ्यांसमोर म्हणाली होती, "आणि दिली कुठली, तर ही? भरतीला अर्धी पाण्याखाली जाणारी? ऑल्विन, तो घोडा राजाला नकोच असणार. उगाच बाहेर काढला म्हणून शिक्षा दिलीय त्याला."

बाबांनी त्यानंतर सहा वर्षं तिच्याकडून अंडी घेतली नाहीत.

माझं नाव रोवेना. मी बाबांकडेच राहते आणि लिंकनला, जिल्ह्याच्या जुन्या दप्तरखान्यात फाटके कागद दुरुस्त करते. चौतिसाव्या वर्षी माझं लग्न ठरलं ते क्लेमशी. क्लेम मोठ्या यंत्रानं कालव्यातला गाळ काढतो. चांगला, हसरा, सावकाश बोलणारा माणूस. त्याच्यात एकच खोट होती, त्याचं आडनाव स्मिथ.

मी त्याला पहिल्यांदा घरी चहाला आणलं त्या रविवारी बाबांनी मनुकांच्या पावावर चीज ठेवून त्याच्यापुढे ढकललं आणि विचारलं, "क्लेम, तुम्ही किती जण आहात?"

"घरी? आई आणि मी."

"घरी नाही रे. देशात. स्मिथ किती आहेत?"

"मोजले नाहीत बुवा कधी."

"पाच लाखांच्या वर. शहराएवढे झालात तुम्ही. त्यातला एक उठून इकडे आला तर कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही." बाबा पुढे झुकले. "आमच्याकडे बघ. बापया माणसांत तुझ्या वयाचा एकच, हलचा ऑसमंड. तो कॅथलिक पाद्री झालाय. आता सांग, आम्ही काय करायचं?"

क्लेम माझ्याकडे बघायला लागला. मी पावाकडे बघायला लागले.

"म्हणजे मी तुमचं आडनाव घ्यायचं?"

"सक्ती नाही. विचार कर."

क्लेमनं खरंच विचार केला. अख्खा पाव संपेपर्यंत केला. मग म्हणाला, "मिस्टर निमगस, नावाचं मला काही वाटत नाही. पण त्या सरदाराचं काय करू? मी दिवसभर गुडघाभर चिखलात असतो. आई म्हणेल, पोरगा बड्या लोकांत गेला. आधीच म्हणते, तुमच्याकडे कप धरताना करंगळी वर करतात."

बाबांनी आपल्या हाताकडे पाहिलं. करंगळी वर होती.

"हा संधिवात आहे," ते दुखावून म्हणाले.

तो विषय तिथेच राहिला. पण बाबांनी मनाला लावून घेतलं. दर तीन वर्षांनी मे महिन्यात गावच्या हॉलमध्ये निमगसांचा मेळावा भरतो. या खेपेला बाबांनी शेजारच्या गावातल्या सुताराकडून ओकची मोठी पाटी कोरून घ्यायला टाकली. वर राजहंस, खाली सर रेनॉल्डचं नाव. "निदान लाकडावर तरी राहील," असं मला ऐकू जाईल इतपत हळू म्हणाले.

मार्चमध्ये माझ्या टेबलावर एक चर्मपत्राचा गुंडाळा आला. बिशपच्या दरबारातले निवाडे, साल तेराशे सत्तावीस. एका कडेला उंदरांनी खाल्लेलं, बाकी काळं पडलेलं. मी आठवडाभर मऊ ब्रशनं त्याची काजळी काढत होते. लॅटिन मला येत नाही. ते मिसेस थर्लबी वाचतात. त्या निवृत्तीला आलेल्या आणि एरवी इतक्या गंभीर, की त्यांचा वाढदिवस विचारायलाही आम्ही घाबरतो.

त्या माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. अचानक त्यांच्या तोंडून शिट्टी देणाऱ्या किटलीसारखा आवाज आला.

"काय झालं?"

"रोवेना, हे तुमच्यातले दिसतात गं."

"कोण?"

त्यांनी बोट न टेकवता ओळ दाखवली. "स्केल्बीच्या बांधावर राहणारा ह्यू. लोक ज्याला निमगॉस म्हणतात तो. बघ, नाव कसं लिहिलंय."

मी ब्रश खाली ठेवला. बाबांच्या सगळ्यात जुन्या नोंदीच्याही दोनशे वर्षं आधीचं होतं हे. "काय लिहिलंय त्याच्याबद्दल? जमीन मिळाली म्हणून?"

मिसेस थर्लबींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "'निम' हा जुना शब्द आहे. आता कुणी वापरत नाही. निम म्हणजे घेणं."

"घेणं?"

"मालकाला न सांगता घेणं. आणि गॉस म्हणजे गूस. मठाच्या महंताचे गूस पळवताना तिसऱ्यांदा सापडला म्हणून लोक त्याला असं म्हणायला लागले, असं स्पष्ट लिहिलंय." मग त्यांना हसू आवरेना. त्या खुर्चीत बसल्या आणि रुमालानं डोळे पुसत राहिल्या. "शिक्षा ऐक. तीन रविवार अनवाणी चर्चभोवती फिरायचं, काखेत जिवंत गूस धरून. पहिल्याच रविवारी गूस धर्मगुरूला चावला, तेही लिहिलंय."

त्या ह्यूच्या नावात 'आय'च्या जागी 'वाय' होता. तेही मी पाहिलं. म्हणजे आत्याचंच बरोबर होतं.

मी तीन आठवडे गप्प राहिले. फक्त क्लेमला सांगितलं, तेही कालव्याच्या काठावर, आजूबाजूला कुणी नाही बघून. तो यंत्र बंद करून खाली उतरला आणि गवतावर पडून हसला.

"गूसचोर! अगं, आधी का नाही सांगितलंस? या माणसाचं नाव मी आत्ता घेतो."

"थट्टा करू नकोस."

"थट्टा नाही. सरदाराच्या घरात मला पाय पुसून जावं लागलं असतं. ह्यूच्या घरात आई स्वतः चपला घालून स्वयंपाकघरात जाईल." मग तो उठून बसला आणि त्याचा चेहरा उतरला. "पण तुझ्या बाबांचं काय?"

"तेच तर. पाटी तयार होत आलीय."

"मग सांग त्यांना. कॅनडावाल्यांच्या समोर कुणी दुसऱ्यानं सांगितलं तर मरतील ते."

रविवारी दुपारी मी बाबांना पंपघराकडे फिरायला नेलं. निवृत्त झाले तरी तिथे गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. निम, गॉस, महंत, अनवाणी, सगळं. बाबा पाण्याकडे बघत होते.

"तीन वेळा?" त्यांनी एवढंच विचारलं.

"हो."

"तीन वेळा सापडला?"

"हो बाबा."

"म्हणजे चोरही धड नव्हता."

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलासमोरची भिंत रिकामी होती. नुसता फिकट चौकोन राहिला होता. मला रडू आलं. तीस वर्षं एखाद्या माणसानं पाहुणा म्हणून कुणाला घरात ठेवावं आणि मुलीनं येऊन सांगावं की असा कुणी नव्हताच, तसं झालं होतं. पालक खायला लावल्याचा रागसुद्धा मला त्या वेळी आठवला नाही.

तिसऱ्या दिवशी बाबा टाय लावून खाली आले. "मला दाखव तो कागद. मी स्वतः बघणार. तुमच्या त्या बाई चुकल्या असतील."

दप्तरखान्यात मिसेस थर्लबींनी त्यांना खुर्ची दिली आणि दिवा जवळ आणला. आधी त्यांनी नाव दाखवलं. बाबांनी एकेक अक्षर तपासलं. 'वाय'जवळ थांबले, नाकातून श्वास सोडला, पुढे गेले.

"याच्या खाली काय आहे?" त्यांनी विचारलं.

"त्याचा जबाब."

"जबाब म्हणजे? तो बोललाय?"

"हो तर. पहिल्या वेळी दरबारानं विचारलं, गूस का नेलेस? तो म्हणतो," मिसेस थर्लबी बोटानं हवेत ओळ धरत वाचायला लागल्या, "'मी नेले नाहीत. मी घरी चाललो होतो, ते आपणहून माझ्यामागे आले.'"

बाबांनी खुर्ची आणखी जवळ ओढली.

"दुसऱ्या वेळचा जबाब त्याच्याखाली आहे. तोही तोच. आपणहून मागे आले. तिसऱ्या वेळी दरबारानं विचारलं, तिन्ही वेळा आपणहून कसे आले? त्यावर ह्यू म्हणतो, 'त्यांना माझी सवय झाली आहे.'"

बाबांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. मी हात पुढे केला, तर ते हसत होते. मोठ्यानं नाही, आतल्या आत, नाक लाल होईपर्यंत. मिसेस थर्लबींनी आपला रुमाल त्यांच्यापुढे केला.

परतीच्या बसमध्ये त्यांनी खिडकीकडे तोंड करून मला सांगितलं, "रोवेना, तीस वर्षं मी त्या सरदाराबद्दल बोलत होतो. तो एकदा तरी काही बोलला का? घोडा ओढला आणि गप्प बसला. हा बघ, दरबारात उभा राहून तोंडावर थापा मारतोय. आणि राहतो कुठे, तर बांधावर. आपल्याच बांधावर गं. माझ्या पंपघराच्या जवळपास कुठेतरी."

"मग राग गेला?"

"राग कुणावर धरू? सातशे वर्षं झाली." थोड्या वेळानं म्हणाले, "मला उद्या डॉर्कसकडे जावं लागणार. त्या 'वाय'चं सांगायला."

तिला ते पत्रानंही कळवू शकले असते. पण गेले. आत्याच्या फाटकातून आत पाऊल टाकलं तशी तिच्या अकरा गूसांनी माना लांब करून त्यांच्यावर चाल केली. मी मागे होते. बाबा पाण्याच्या पिंपावर चढले आणि तिथूनच ओरडले, "डॉर्कस! तुझा कारकून शुद्धीवर होता!"

आत्या बादली घेऊन बाहेर आली. "काय म्हणालास?"

"वाय! वाय बरोबर आहे! आवर यांना आधी!"

"परत म्हण. या वाऱ्यात ऐकू येत नाही."

वारा अजिबात नव्हता. बाबांना ते चार वेळा म्हणावं लागलं, तेव्हा कुठे तिनं गूस हाकलले. मग स्वयंपाकघरात बसून सगळा निवाडा ऐकला. आत्या हसेल, टोमणे मारेल, अशी मी तयारी ठेवली होती. ती फक्त म्हणाली, "तो नुसती थट्टा करत होता रे त्या महंताची. आपला बाप असाच होता." आणि बाबांना डझनभर अंडी बांधून दिली.

मेळाव्याला एकवीस जण आले. कॅनडाहून लोरेटा आली होती, सर रेनॉल्डची ढाल पाठीवर भरलेलं जाकीट घालून. बाबांनी भाषण केलं. कागद बघून नाही, तोंडानं. सर रेनॉल्ड नव्हते, मी चुकलो, असं पहिल्याच वाक्यात सांगितलं आणि मग ह्यूचा जबाब जसाच्या तसा म्हणून दाखवला. "त्यांना माझी सवय झाली आहे" या वाक्याला हॉलमध्ये असा हशा उठला की चहा करणाऱ्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या.

लोरेटा तेवढी हसली नाही. "ऑल्विन, हा राजहंस आमच्या गॅरेजच्या दारावरसुद्धा आहे. सहा फुटांचा."

"मान जरा आखूड कर," आत्या मागून म्हणाली. "गूस होईल."

आमची पाटी अजून सुताराकडेच होती, त्यानंही शेवटी तेच केलं. पाटीवरच्या पक्ष्याची मान कापून लहान केली, पोट तसंच ठेवलं. खाली सर रेनॉल्ड तासून ह्यूचं नाव कोरलं. मेळाव्याच्या दिवशी लोरेटा संध्याकाळपर्यंत फुगून होती. पण निघताना तिनं मिसेस थर्लबींचा पत्ता लिहून घेतला. तिच्या नातवाला शाळेत आजोळाबद्दल बोलायचं होतं म्हणे, आणि सरदार तर वर्गात प्रत्येकाकडेच होता.

जूनमध्ये आमचं लग्न झालं. त्याआधी क्लेमनं नाव बदलण्याच्या कागदावर सही केली, साक्षीदार त्याची आई. बाईंनी सही करून पेन ठेवलं आणि बाबांना म्हणाल्या, "आमच्यातले एक आजोबा घोडे पळवले म्हणून आत गेले होते. कुणाला सांगत नव्हते मी. पण आता आपण घरचेच झालो."

"किती घोडे?" बाबांनी विचारलं.

"दोन."

बाबांनी आदरानं मान हलवली.

लग्नानंतर पहिल्या आठवड्यात क्लेमनं बाबांच्या घरून यंत्राच्या टायरसाठी फोन लावला. मी शेजारी बसून मटार सोलत होते. "निमगस," तो म्हणाला. "नाही, निमगस. नि. नाकातला न. नाही, मिंकस नाही. एन, आय, एम... नाही, एम मधला, पहिला एन... पिंगस? पिंगस कुठून आलं?" असं बराच वेळ चाललं. शेवटी त्यानं फोन ठेवला आणि कपाळाला आलेला घाम पुसला.

"छत्तीस वर्षांत मला एकदाही स्पेलिंग विचारलं नव्हतं कुणी," तो म्हणाला. "तुम्ही हे जन्मभर करत आलात?"

"टायर कुणाच्या नावानं येतायत?" बाबांनी वर्तमानपत्रामागून विचारलं.

"मिस्टर निंबस."

"वाईट नाही," बाबा पान उलटत म्हणाले. "माझा फ्रिज निमोनियाच्या नावानं आला होता."